अलार्मचा सिग्नल घरच्या राउटरवरून जातो, मग तो राउटर सुरक्षित कसा ठेवायचा?

घंटाघर

बंगला, फ्लॅट किंवा गावाकडचं बंद घर, कुठेही बसवलेला घरफोडीचा अलार्म आता बहुतेक इंटरनेटवरूनच खबर देतो. पॅनेल कपाटात कुलूपबंद असतं, भोंग्याला टॅम्पर (छेडछाड कळवणारा) स्विच असतो, दारंखिडक्यांना मॅग्नेट असतात. आणि ज्या डब्यातून सिग्नल घराबाहेर पडतो तो राउटर टीव्हीमागे वायरींच्या गुंत्यात पडलेला, त्याचा पासवर्ड अजून मागच्या स्टिकरवरचाच. हा धागा त्या डब्याबद्दल आहे.

आधी सिग्नलचा प्रवास बघू. सेन्सर चाळवला की पॅनेल एक छोटासा संदेश तयार करतं. कॉन्टॅक्ट आयडी पद्धतीत त्यात ग्राहकाचा खातेक्रमांक, घटनेचा कोड, विभाग आणि झोन (कुठला सेन्सर) एवढंच असतं. १३० म्हणजे घरफोडी, १३७ टॅम्पर, ३०१ मेन्स गेली, ३०२ पॅनेलची बॅटरी उतरली, ६०२ नेमाची चाचणी. हाच मजकूर सिया डीसी-०९ या इंटरनेटवरच्या अलार्म-पद्धतीच्या पाकिटात घालून टीसीपी किंवा यूडीपीने मॉनिटरिंग स्टेशनच्या (अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या) रिसीव्हरकडे जातो. रिसीव्हर पोच देतो. पोच आली नाही की पॅनेल पुन्हा पाठवतं, आणि ठरावीक प्रयत्नांनंतर दुसऱ्या मार्गाकडे वळतं. स्टेशनची वर्गणी नसेल तर पॅनेल उत्पादकाच्या क्लाउडला जोडलेलं असतं आणि तिथून तुमच्या फोनवर सूचना येते.

दोन्ही प्रकारांत संपर्क पॅनेल करतं, आतून बाहेर. बाहेरून कोणाला आत यायची गरजच नसते. त्यामुळे राउटरवर आत येणारी जी जी वाट उघडी दिसेल ती अलार्मसाठी नाही असं समजून बंद करा.

कामाचा क्रम असा ठेवा:

राउटरच्या पानावर शिरून अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा. कंपनीने दिलेल्या ओएनटीत (फायबर ज्यात लागते तो डबा, बहुधा तोच राउटर) बहुधा दोन खाती असतात, एक तुमचं आणि एक कंपनीचं. दुसरं तुम्हाला बदलता येत नाही, पण ते आहे हे माहीत असू द्या.

मग 'रिमोट मॅनेजमेंट' किंवा 'वॅन अ‍ॅक्सेस' नावाची जी खूण असेल ती काढा. यूपीएनपी बंद करा. यूपीएनपीमुळे घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता राउटरला पोर्ट (आत यायचं क्रमांकाचं दार) उघडायला सांगू शकतं. ते बंद केल्यावर पोर्ट फॉरवर्डिंगची यादी स्वतः उघडून बघा, कारण हाताने घातलेल्या नोंदी तशाच राहतात. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरसाठी कोणीतरी कधीकाळी घातलेले ५५४, ८०००, ३४५६७, ३७७७७ हे पोर्ट तिथे हमखास सापडतात. डीव्हीआर आणि पॅनेल एकाच जाळ्यात असतील तर डीव्हीआरमधून शिरलेला माणूस थेट पॅनेलसमोर उभा राहतो. त्या नोंदी पुसा, कॅमेरे अ‍ॅपवरून बघा.

डब्ल्यूपीएस (पिन टाकून वायफाय जोडायची सोय) बंद. त्याचा पिन आठ आकड्यांचा दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. ही खोट डिसेंबर २०११ मध्येच जाहीर झाली आहे. वायफाय डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३, जुनं टीकेआयपी नको. फर्मवेअर अद्ययावत करा. डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरच्या) रकान्यात अनोळखी पत्ता नाही ना, तेही बघा.

पॅनेल लॅन केबलनेच जोडा आणि डीएचसीपी रिझर्व्हेशन करून त्याला कायमचा पत्ता द्या. शेवटी सेटिंग्जचा बॅकअप घ्या आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. कंपनीचा माणूस तक्रारीवर आला की पहिल्यांदा रिसेटच्या भोकात पिन घालतो, आणि वरचं सगळं क्षणात कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं. माणूस येऊन गेला की त्याच संध्याकाळी यादी पुन्हा तपासा.

निळी_केबल

उत्तम सुरुवात. रिमोट मॅनेजमेंट खरंच बंद झालं का, हे घरच्या वायफायवरून तपासू नका. आतून ते पान नेहमीच उघडतं. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तुमच्या सार्वजनिक पत्त्यावर जा.

त्याआधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतेय. बाहेरून आयपीव्ही४ वर तुमच्यापर्यंत कोणी थेट पोचत नाही. अलार्मला याचा काहीही त्रास नाही, कारण वर म्हटलंय तसं पॅनेल आतून बाहेर बोलतं. 'अलार्मसाठी स्टॅटिक आयपी घ्यावा लागेल' असं कोणी सांगितलं तर त्याला कारण विचारा. डीसी-०९ ला तो लागत नाही.

पण सीजीनॅटवर निर्धास्त राहू नका. आपल्याकडच्या मोठ्या फायबर जोडण्यांवर आयपीव्ही६ चालू असतं आणि तिथे नॅट (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं ठेवणं) नसतं. प्रत्येक यंत्राला स्वतःचा जगजाहीर पत्ता मिळतो. राउटरचं आयपीव्ही६ फायरवॉल बंद असेल तर डीव्हीआर, प्रिंटर, पॅनेल सगळं बाहेरून दिसू शकतं. काही ओएनटीत ही खूण आयपीव्ही४ च्या फायरवॉलपासून वेगळ्या पानावर असते. शोधून चालू करा.

कंपनी दुरून राउटर सांभाळते ते टीआर-०६९ या पद्धतीने, बहुधा पोर्ट ७५४७ वर. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमचे सुमारे ९ लाख राउटर कोलमडले, ते याच दारावर मिराई जातीच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने) धडका मारल्यामुळे. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या मोडेमवर हल्ला झाला तेव्हा मूळचाच पासवर्ड ठेवलेले मोडेम सापडले होते. २०१८ च्या व्हीपीएनफिल्टर या राउटरवरच्या मालवेअरने ५४ देशांत ५ लाखांवर यंत्रं गाठली. यात कोणाचाही रोख घरफोडीच्या अलार्मवर नव्हता. पण जिथे राउटर आडवा झाला तिथे त्यावरून जाणारा सिग्नलही थांबला.

मुळशीकर

आमच्या बंद असलेल्या घरातल्या पॅनेलला लॅनचं भोकच नाही, फक्त वायफाय आणि सिम. राउटर नवीन टाकल्यापासून पॅनेल वायफायला जोडलंच जात नाही. विक्रेता म्हणतो सुरक्षा कमी करा. कितपत कमी करायची?

घंटाघर

@मुळशीकर, सुरक्षा कमी करायची गरज नाही, फक्त नेमकी खूण शोधायची आहे. या पॅनेलमधली वायफाय चिप बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. नवा राउटर २.४ आणि ५ ला एकच नाव देतो आणि यंत्राला ५ कडे ढकलत राहतो. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या. तरी जमलं नाही तर सुरक्षेचा प्रकार बघा. 'फक्त डब्ल्यूपीए३' असेल तर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र' करा, आणि 'पीएमएफ' किंवा '८०२.११डब्ल्यू' हे 'सक्तीचं' असेल तर 'ऐच्छिक' करा. बंद मात्र करू नका. पीएमएफ नसलं की खोट्या डीऑथ (जोडणी तोडायला सांगणाऱ्या) पाकिटांनी कोणीही रस्त्यावरून तुमचं यंत्र वायफायवरून उडवू शकतं, त्यासाठी पासवर्ड लागत नाही.

पॅनेलसाठी वेगळं वायफाय नाव ठेवा आणि त्याचा पासवर्ड पाहुण्यांना, कामगारांना, केअरटेकरला देऊ नका. गेस्ट नेटवर्क वापरलंत तरी चालेल, फक्त त्यात 'ठरावीक तासांनी बंद' ही वेळ लावलेली नाही ना ते बघा.

आणि बंद घरात सिम हाच मुख्य मार्ग धरा, वायफाय दुसरा. रेडिओ लहरी कोणीही बिघडवू शकतो, म्हणून वायफायला एकट्याच्या भरवशावर ठेवू नका.

वायरमन_सांगली

पासवर्डाइतकंच विजेचं बघा, उलट माझ्या मते आधी विजेचं बघा. पॅनेलमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते, ती १२ तास ओढेल. राउटर मात्र भिंतीच्या प्लगवर. बाहेरच्या मीटरपेटीतला एमसीबी पाडला की पॅनेल जागं आणि तोंड बंद, अशी स्थिती होते. तो एमसीबी चोरालाही पाडता येतो. मीटरपेटीला कुलूप लावा.

ओएनटीच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट १, १.५ किंवा २ अँपिअर लिहिलेलं असतं. ती कमाल मर्यादा, प्रत्यक्षात डबा ५ ते ९ वॉट खातो. बाजारात राउटरसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात. खोक्यावर '१०,४०० एमएएच' वाचून फसू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. १०.४ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३८ वॉट-तास, त्यातून १२ व्होल्ट करताना १५ टक्के जातात, उरले ३३. आठ वॉटचा डबा चार तास चालेल. आठ तास हवे असतील तर दुप्पट क्षमतेचा घ्या.

घेताना पिन मोजा. बाहेरून ५.५ मिमी दोन्हींना असतो, आतलं भोक २.१ की २.५ हे वेगळं. २.१ चा प्लग २.५ च्या खाचेत जात नाही, उलटं केलं तर जातो पण ढिला बसतो आणि कपाट हललं तरी राउटर रीस्टार्ट होतो. मध्यभागी धन आहे ना, तेही चिन्ह बघून खात्री करा.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर ठेवा. 'नॉर्मल' किंवा 'इको' मोडवर वीज गेल्यावर बदलायला जास्त वेळ लागतो, पंख्याला ते कळत नाही पण राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि लाइन येईपर्यंत दोन-चार मिनिटं जातात.

एक गोष्ट कृपया करू नका: पॅनेलच्या ऑक्झिलरी आउटपुटवरून थेट राउटर चालवू नका. मेन्सवर तिथे १३.८ व्होल्ट असतात, बॅटरी संपत आली की ११ च्या खाली. राउटर त्या टोकाला बंद पडत नाही, अडकतो. दिवे चालू, काम बंद. शिवाय ०.७ अँपिअर राउटर, ०.१५ पॅनेल, वर पीआयआर (हालचाल ओळखणारे सेन्सर) आणि भोंगा, म्हणजे ७ एएचची बॅटरी १२ तासांऐवजी सहा-सातातच बसणार. राउटरला स्वतःची बॅटरी द्या. सीलबंद बॅटरी तीन-चार वर्षांनी बदला, व्होल्टमीटरवर १२.८ दाखवत असली तरी, कारण लोड टाकल्यावर ती कोसळते.

निळी_केबल

@वायरमन_सांगली शी सहमत, त्यात एक जोड. लाइन फायबर आहे की इमारतीच्या गच्चीवरच्या स्विचमधून आलेली लॅन केबल, हे शोधा. फायबरच्या वाटेवरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, कंपनीच्या केंद्रात बॅटरी असते. त्यामुळे ओएनटीला बॅकअप दिला की जोडणी टिकते. पण स्थानिक केबलवाल्याची लॅन असेल तर गच्चीवरचा किंवा जिन्यातला स्विच सोसायटीच्या मीटरवर चालतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की तुमच्या घरातला राउटर जिवंत आणि वरचा स्विच बंद. अशा लाइनवर अलार्मचा एकमेव मार्ग ठेवू नका, किंवा त्या स्विचला बॅकअप आहे का हे केबलवाल्याकडून आणि सोसायटीकडून लेखी विचारून घ्या.

ओपन_राउटर

ज्यांना थोडी खटपट जमते त्यांच्यासाठी: कंपनीचा ओएनटी ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता नुसती लाइन पुढे देणं) टाकून घ्या आणि मागे स्वतःचा राउटर लावा. ब्रिज करून दिला नाही तरी हरकत नाही, दुहेरी नॅटमधूनही पॅनेलचा सिग्नल जातो. फक्त दोन्ही राउटरचे पत्ते वेगळ्या पट्ट्यात हवेत. ओएनटी १९२.१६८.१ वर असेल तर आपला १९२.१६८.२० वर.

मग अलार्मसाठी एक वेगळं व्हीलॅन (त्याच राउटरवरचं स्वतंत्र जाळं) करा. समजा व्हीलॅन ३०, पत्ते १९२.१६८.३०.०/२४. एक लॅन पोर्ट फक्त त्याला द्या, त्यात फक्त पॅनेल. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त फर्मवेअरवर यासाठी स्वतंत्र फायरवॉल झोन बनवायचा: इनपुट रिजेक्ट, आउटपुट अ‍ॅक्सेप्ट, फॉरवर्ड रिजेक्ट. इथेच बहुतेकांचं पॅनेल 'नेटवर्क नाही' म्हणू लागतं. इनपुट रिजेक्ट म्हणजे राउटरशीच बोलायला बंदी, मग डीएचसीपी आणि डीएनएससुद्धा अडतं. म्हणून या झोनमधून राउटरकडे यूडीपी ६७, डीएनएससाठी यूडीपी आणि टीसीपी ५३, आणि राउटरला एनटीपी (घड्याळ जुळवणारा) सर्व्हर केला असेल तर यूडीपी १२३, असे तीन ट्रॅफिक रूल आधी घाला.

बाहेरची परवानगी: पॅनेलचा पत्ता, स्टेशनच्या रिसीव्हरचे दोन पत्ते (मुख्य आणि पर्यायी), स्टेशनने दिलेला पोर्ट. एवढंच. घरच्या लॅनकडे जायला काहीच नको आणि घरच्या लॅनमधून इकडे यायलाही नको. फोनचं अ‍ॅप क्लाउडमार्गे चालतं, त्याला घरातल्या घरात रस्ता लागत नाही.

पॅनेल उत्पादकाच्या क्लाउडवर असेल तर ठरावीक आयपीवर बांधू नका. क्लाउडचे पत्ते बदलतात, आणि ते बदलतात त्या दिवशी तुमचा अलार्म मुका होतो. तिथे पोर्टपुरतं बंधन ठेवा, बहुधा ४४३ किंवा ८८८३, नेमका उत्पादकाच्या पुस्तिकेत बघा.

मुळशीकर

दोन्ही पट्टे वेगळे केल्यावर पॅनेल जोडलं गेलं, आभार. आता स्टेशनवाले म्हणतात एन्क्रिप्शन चालू केलं की तुमचे संदेश नाकारले जातात, बंद केलं की येतात. मग बंदच ठेवू का?

घंटाघर

बंद ठेवू नका. एन्क्रिप्शनशिवाय खातेक्रमांक, झोन, अलार्म लावला-काढला हे सगळं वाटेत उघडं वाचता येतं. घर कधी रिकामं असतं ते त्यावरून कळतं.

नाकारण्याची दोनच कारणं मुख्यत्वे असतात. एक, किल्ली जुळत नाही. एईएस १२८ बिटची किल्ली १६ बाइटची, हेक्सात ३२ अक्षरं. २५६ बिटची ६४ अक्षरं. एखादं अक्षर गळलं किंवा दोन्हीकडे लांबी वेगळी निवडली तरी रिसीव्हरला संदेश उलगडत नाही.

दुसरं कारण घड्याळ, आणि तुमच्याकडे तेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. डीसी-०९ मध्ये एन्क्रिप्टेड संदेशाला वेळेचा शिक्का सक्तीचा असतो, तो जीएमटीत. रिसीव्हर तो स्वतःच्या घड्याळाशी ताडतो आणि २० सेकंद पुढे किंवा ४० सेकंद मागे याच्या बाहेर असेल तर संदेश नाकारतो, म्हणजे जुना संदेश पकडून कोणी पुन्हा पाठवू नये. इन्स्टॉलरने पॅनेलमध्ये भारतीय वेळ भरली आणि टाइम झोन शून्यच ठेवला तर प्रत्येक शिक्का साडेपाच तास पुढचा पडतो. टाइम झोन +५:३० करा, एनटीपी चालू करा, आणि राउटरवर यूडीपी १२३ अडवलेला नाही ना ते बघा. नाकारताना रिसीव्हर आपली वेळ कळवतो आणि बरीच पॅनेलं त्यावरून घड्याळ सुधारून घेतात, पण सगळी नाही.

एन्क्रिप्शन नसताना शिक्का तपासला जात नाही, म्हणून ते बंद केल्यावर सगळं सुरळीत दिसतं.

लीड्सकर

इंग्लंडमधल्या मराठी घरांसाठी थोडं वेगळं. इथे तांब्याच्या फोनलाइनचं जुनं जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद होतंय (आधी डिसेंबर २०२५ ठरलं होतं). अनेकांचे अलार्म अजून फोनलाइनवर डायल करणारे आहेत. लाइन डिजिटल झाली की फोन राउटरच्या पाठीमागच्या खाचेत लागतो, आणि डायलरची वायर तिथे हलवली की काम झालं असं वाटतं. तसं नाही. कॉन्टॅक्ट आयडीचे सूर व्हॉइस-ओव्हर-आयपीत कधी नीट जातात, कधी एखादा आकडा गळतो. डायल टोनही राउटरला वीज असेपर्यंतच. ऑफकॉम या इथल्या दूरसंचार नियामकाच्या मार्गदर्शनात वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन कॉल करता येण्याची सोय सांगितलीय, ती माणसाच्या कॉलसाठी आहे, अलार्मला रात्रभर पुरणारी नाही. पॅनेल जुनंच ठेवून आयपी-अधिक-सिमचं सिग्नलिंग मॉड्यूल बसवून घेणं सरळ पडतं.

इथे इन्स्टॉलर ईएन ५०१३६ या अलार्म-सिग्नलिंगच्या युरोपीय मानकाची श्रेणी सांगतो, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. मार्ग तुटल्याचं किती वेळात कळलं पाहिजे ते त्यात ठरलेलं असतं. एकमार्गी एसपी२ ला २५ तास, एसपी३ ला ३० मिनिटं, एसपी४ ला ३ मिनिटं, एसपी५ ला ९० सेकंद. दुहेरी मार्गात डीपी२ ला ३० मिनिटं, डीपी३ ला ३ मिनिटं, डीपी४ ला ९० सेकंद. २९ एप्रिल २०२४ पासून इथे एकसारखा डीफॉल्ट पासवर्ड असलेलं घरगुती नेट-यंत्र नव्याने विकायला बंदी आहे, पण घरात आधीपासून असलेला राउटर त्यामुळे सुधारत नाही.

घंटाघर

@लीड्सकर, ही आकडेवारी भारतातल्या लोकांनीही स्टेशनला विचारावी. इथे बरीच पॅनेलं अजून २४ तासांतून एकदा ६०२ पाठवून गप्प बसतात. सकाळी दहाला चाचणी गेली आणि साडेदहाला कोणी राउटरची केबल ओढली, तर दुसऱ्या दिवशी दहापर्यंत स्टेशनला पत्ताच नाही. अलार्म वाजला तरी तो गल्लीतच.

हार्टबीट ('मी जिवंत आहे' असा ठरावीक वेळाने जाणारा संदेश) चालू करा. डीसी-०९ मध्ये त्यासाठी 'नल' संदेश असतो. जाऊन-येऊन, हेडर धरून ३०० बाइट मोजले आणि दर मिनिटाला एक पाठवला, तर दिवसाला ४३२ किलोबाइट, महिन्याला १३ एमबी. म्हणजे सिमवरसुद्धा परवडतो.

स्टेशनच्या बाजूला 'हार्टबीट चुकला' याची मर्यादा ठरवताना राउटरचा रीस्टार्ट लक्षात घ्या. एकच मार्ग असेल आणि मर्यादा ९० सेकंद ठेवली, तर रात्री कंपनीने फर्मवेअर ढकललं की स्टेशनचा फोन येणार. असे दोन-तीन फोन आले की लोक ती सूचनाच बंद करायला सांगतात, आणि मग सगळं मुसळ केरात. एकमार्गी घराला ५ मिनिटं ठेवा. दोन मार्ग असतील तर एक गेल्याची नुसती नोंद, दोन्ही गेले तर लगेच फोन आणि माणूस. दोन्ही मार्ग एकदम जाणं आणि अलार्म लावलेला असणं, हे घरफोडी समजूनच हाताळायला स्टेशनला लेखी सांगा.

ओपन_राउटर

हार्टबीटचं आणखी एक काम आहे. काही पॅनेलं क्लाउडशी एकच टीसीपी जोडणी दिवसभर उघडी ठेवतात. राउटर किंवा सीजीनॅट शांत जोडणीची नोंद काही वेळाने पुसतो. ओपनडब्ल्यूआरटीवर टीसीपीला ७४४० सेकंद, म्हणजे दोन तास चार मिनिटं. कंपनीच्या सीजीनॅटवर बरंच कमी असू शकतं. यूडीपीला तर दोन मिनिटं किंवा त्याहून कमीच धरा. नोंद पुसली की पॅनेलला जोडणी जिवंत वाटते, पण क्लाउडकडून आलेला आदेश आत पोचत नाही. अ‍ॅपवरून अलार्म लावायला गेलं की 'यंत्र ऑफलाइन' दिसण्याचं हे नेहमीचं कारण. कीप-अलाइव्ह ६० सेकंदांवर आणा. प्रत्येक घटनेला नवा संदेश आणि त्याची पोच अशा पद्धतीने चालणाऱ्या डीसी-०९ पॅनेलला याचा फटका बसत नाही.

वायरमन_सांगली

सिमबद्दल. फायबर ज्या कंपनीचं, सिम त्याच कंपनीचं घेऊ नका. केंद्रातला बिघाड दोघांना एकदम पाडतो. पॅनेलचं मॉड्यूल फक्त २जी असेल तर जिओचं सिम चालणार नाही, त्या जाळ्यात २जी नाहीच. नवं घेताना ४जी मॉड्यूलच घ्या. सिमचा पिन लॉक काढून टाका, नाहीतर वीज जाऊन आल्यावर मॉड्यूल पिन मागत बसतं. रिचार्जची तारीख घरातल्या कोणाच्या तरी फोनवर आठवण म्हणून लावा. बंद घरातली सिमं बहुतेक वेळा व्हॅलिडिटी संपूनच मुकी होतात. सिग्नलची पातळी पॅनेलच्या मेन्यूत दिसते. ४जीचा आरएसआरपी (सिग्नलची ताकद) −१०० डीबीएमपेक्षा खाली, म्हणजे −१०५, −११० असा असेल तर पॅनेलची धातूची पेटी आड येत असू शकते. अँटेना केबलने बाहेर काढा, पण ती खिडकीबाहेर हाताला लागेल अशी नको.

फायबरची वायर डक्टमधून येते तिथे पहिल्या दोन मीटरला पाइप घाला. पिवळी उघडी वायर कात्रीने कापता येते.

मुळशीकर

सगळं झाल्यावर तपासायचं कसं? इन्स्टॉलर भोंगा वाजवून दाखवतो आणि सही घेतो.

घंटाघर

भोंगा वाजणं म्हणजे फक्त भोंगा वाजणं. स्टेशनला फोन करून खातं 'टेस्ट'वर टाकायला सांगा, मग घड्याळ हातात घेऊन हे करा.

अलार्म लावा, राउटरमधून पॅनेलची लॅन केबल काढा (तुमच्या बाबतीत पॅनेलचं वायफाय नाव बंद करा), एक दार उघडा. घटना सिमवरून स्टेशनला किती सेकंदांत पोचली ते विचारा. मिनिटभराच्या आत यायला हवी. न आल्यास पॅनेलमधले पुनर्प्रयत्न कमी करा. काहींत एका मार्गावर आठ-दहा वेळा प्रयत्न करून मग दुसरा घेतला जातो, दोन-तीन पुरेत.

मग केबल लावा, सिम काढा, तेच पुन्हा. त्यानंतर दोन्ही काढून हार्टबीट चुकल्याचा फोन किती मिनिटांत येतो ते मोजा. मग सगळं जागेवर लावून मुख्य एमसीबी पाडा आणि राउटरच्या बॅकअपवर दोन तास तरी चालू द्या. ३०१ ची नोंद स्टेशनकडे दिसली पाहिजे, आणि दोन तासांनी उघडलेलं दारही.

फायबरची टोपी काढून चाचणी घेऊ नका. हिरव्या कनेक्टरच्या टोकाला बोट लागलं की मळ बसतो. ओएनटीच्या पानावर 'आरएक्स पॉवर' (आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद) असते ती मात्र टिपून ठेवा. −८ ते −२७ डीबीएमच्या आत हवी. −२० च्या आसपास असलेली लाइन पुढच्या तपासणीत −२६ दाखवत असेल तर कुठेतरी वायर दुमडली आहे किंवा कनेक्टर मळलाय, लाल दिवा लागायची वाट न बघता तक्रार नोंदवा.

दर तीन महिन्यांनी, आणि राउटर, सिम किंवा इंटरनेट कंपनी बदलली की त्याच दिवशी, ही चाचणी घ्या. काम संपल्यावर स्टेशनला खातं 'टेस्ट'वरून काढायला सांगा आणि काढल्याचा संदेश मागून घ्या, कारण 'टेस्ट'वर राहिलेल्या खात्याचा खरा अलार्मही कोणी बघत नाही.